मिठाचे पाणी आणि रुग्णाची सोबत

इ. स. १५६३ मध्ये गोव्यात एक पोर्तुगीज ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. गार्सिया द ऑर्टा नावाच्या वैद्याने हिंदुस्थानातील वनस्पती, मसाले आणि औषधे यांविषयी संवादरूपाने लिहिलेला हा ग्रंथ आपल्या देशात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी एक होय. त्यातील एका संवादात जुलाब आणि वांत्यांनी काही तासांत धडधाकट माणसाला संपवणाऱ्या एका रोगाचे वर्णन आहे. इथले लोक त्या रोगाला 'मोडशी' म्हणत. ऑर्टाने हे नाव आपल्या कानांना ऐकू आले तसे टिपून ठेवले. पुढे पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे 'मोर्देशिम' झाले, आणि फ्रेंचांनी तर ध्वनिसाम्यावरून त्याचा अर्थच 'कुत्र्याचे मरण' असा करून टाकला. आपल्या भाषेत या रोगाला पटकी, वाखा, महामारी, जरीमरी अशीही नावे मिळाली. ज्या संकटाला माणसे फार भितात, त्याला नावेही फार ठेवतात.

ऑर्टाने या रोगावरचे स्थानिक उपचारही नोंदवले आहेत. त्यांतले दोन लक्षात राहण्यासारखे आहेत. एक, रोग्याच्या पायांना डाग देणे. दुसरा, मिरी आणि जिरे घालून तांदळाची पेज पाजणे. म्हणजे एकाच रोग्यावर एक उपचार त्याचे हाल वाढवणारा होता, तर दुसरा त्याच्या शरीरातून वाहून गेलेले थोडे तरी परत देणारा होता. दोन्ही सारख्याच श्रद्धेने होत असत. यांतला कोणता खरा, हे शास्त्राच्या कसोटीवर ठरायला चारशे वर्षे लागली. शरीरातून वाहून गेलेले पाणी परत कसे द्यावे, ही गोष्ट आज आपल्याला अगदी साधी वाटते. सलाईनची बाटली आणि जीवनरक्षक पावडरीची पुडी कोणाला ठाऊक नाही? परंतु या साध्या गोष्टीचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की, मिठाचे पाणी माणसाला लवकर सापडले. ते देत रोग्याच्या उशाशी बसून राहणारा माणूस मात्र फार उशिरा सापडला.

शिरेतले पाणी : एडिंबरो, १८३२

१८१७ साली बंगालमधील जेसोरच्या परिसरात पटकीची मोठी साथ उसळली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मराठ्यांविरुद्धच्या युद्धासाठी बुंदेलखंडात उतरलेल्या गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जच्या फौजेत तिने हाहाकार माजवला. १८१८ मध्ये ती मुंबईत पोहोचली. पंढरपूरच्या यात्रेबरोबर ती गावोगाव कशी पसरे, याच्या कथा पुढे शंभर वर्षे महाराष्ट्राने ऐकल्या. व्यापाराच्या आणि सैन्याच्या वाटांनी चालत चालत हा रोग १८३१ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधील संडरलँड बंदरात उतरला, आणि युरोपातील वैद्यक गोंधळून गेले.

त्या काळचा रूढ उपचार म्हणजे शीर कापून रक्त काढणे. त्याच्या जोडीला पाऱ्याचे क्षार आणि अफू. आधीच ज्याच्या देहातले पाणी आटले आहे, त्याचे उरलेसुरले रक्तही काढून घ्यायचे, असा हा प्रकार होता. पुष्कळ डॉक्टर तहानेने व्याकूळ झालेल्या रोग्याला पाणी देण्यासही मनाई करीत. पोटात गेलेले उलटून पडते, मग द्यायचे कशाला, असा त्यांचा युक्तिवाद असे. रुग्णालयात नेले की माणूस परत येत नाही, डॉक्टरच गरिबांना मारून त्यांची प्रेते चिरफाडीसाठी वापरतात, अशा वावड्या उठून इंग्लंडमधील काही शहरांत दंगलीही झाल्या.

या गोंधळात विल्यम ब्रूक ओशॉनेसी नावाचा अवघ्या बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर साथीच्या भागात गेला. रोग्यांच्या रक्ताचे त्याने रासायनिक परीक्षण केले. रक्त दाट आणि काळपट झाले होते. त्यातले पाणी मोठ्या प्रमाणात घटले होते, क्षार कमी झाले होते, आणि जे रक्तात नव्हते ते सारे रोग्याच्या मळात होते. त्याने आपला निष्कर्ष १८३१ च्या अखेरीस 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला कळवला. या रोगात माणूस पाणी आणि मीठ गमावून मरतो. तेव्हा ते त्याला परत दिले पाहिजे, गरज पडल्यास थेट शिरेतून दिले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. ओशॉनेसीने स्वतः मात्र हा उपचार कोणा रोग्यावर केला नाही. १८३३ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला. हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारणारा अधिकारी म्हणून त्याला पुढे 'सर' ही पदवी मिळाली. पटकीच्या माहेरघरी राहूनही त्याचे नाव तारखात्याशी जोडले गेले, हा इतिहासाचा एक विचित्र खेळच म्हटला पाहिजे.

त्याची कल्पना प्रत्यक्षात आणली ती स्कॉटलंडमधील लीथ या बंदरगावच्या थॉमस लाट्टा या डॉक्टरने. १८३२ च्या मे महिन्यात एडिंबरोच्या एका पटकी-रुग्णालयात त्याने एका वृद्ध स्त्रीच्या हाताच्या शिरेत नळी घातली आणि मीठ व सोडा विरघळवलेले कोमट पाणी हळूहळू सोडायला सुरुवात केली. स्त्री जवळजवळ गेल्यात जमा होती. डोळे खोल गेलेले, जबडा पडलेला, अंग थंडगार, नाडी लागत नव्हती. कितीतरी वेळ काहीच फरक दिसेना. मग एकाएकी श्वास मोकळा झाला, चेहऱ्यावर रंग आला, नाडी परतली. अर्ध्या तासात सुमारे तीन लिटर पाणी शरीरात गेले होते. म्हातारी स्पष्ट आवाजात बोलू लागली, थट्टामस्करीही करू लागली. आता आपल्याला थोडी झोप मिळाली की पुरे, असे तिला वाटू लागले.

लाट्टाने तिला रुग्णालयातील डॉक्टरच्या हवाली केले आणि तो निघून गेला. तो गेल्यावर थोड्याच वेळात पुन्हा जुलाब-वांत्या सुरू झाल्या. त्याला कोणी कळवले नाही. तो गेल्यापासून साडेपाच तासांत म्हातारी वारली. हाच उपचार पुन्हा केला असता तर ती खात्रीने वाचली असती, असे लाट्टाने पुढे आपल्या पत्रात लिहिले.

या घटनेत पुढच्या दीडशे वर्षांचा धडा सामावलेला आहे. औषध बरोबर होते, मात्राही जवळजवळ बरोबर होती. चूक एवढीच झाली की, पाणी एकदा देऊन संपत नाही, रोग वाहत आहे तोवर ते देत राहावे लागते, हे पाहणारे कोणी तिच्याजवळ नव्हते.

लाट्टाने पुढे आणखी काही रोग्यांवर हा प्रयोग केला. काही वाचले, बरेच दगावले. ज्यांची आशा सुटली आहे अशांवरच तो करू दिला जात असे. जंतूंची कल्पना नव्हती, पाणी व नळी निर्जंतुक नसत, शिरेत हवा जाण्याचा धोका असे. १८३३ मध्ये लाट्टा स्वतःच निवर्तला. साथ ओसरली आणि तिच्याबरोबर हा उपचारही विस्मरणात गेला. पुढील साथींत पुन्हा रक्त काढणे सुरूच राहिले.

डब्लिनमधील भगिनी

ज्या वर्षी लाट्टा एडिंबरोत शिरेतून पाणी देत होता, त्याच वर्षी आयर्लंडच्या डब्लिन शहरातही पटकी पसरली होती. कॅथरीन मॅकॉले यांनी स्थापन केलेला 'सिस्टर्स ऑफ मर्सी' हा व्रतस्थ भगिनींचा संघ तेव्हा जेमतेम काही महिन्यांचा होता. डिसेंबर १८३१ मध्ये त्यांनी आपली व्रते घेतली होती. या भगिनी टाऊनसेंड स्ट्रीटवरील तात्पुरत्या पटकी-रुग्णालयात पाळ्या लावून शुश्रूषेला उभ्या राहिल्या. मेरी एकनहेड यांच्या 'आयरिश सिस्टर्स ऑफ चॅरिटी' या संघाच्या भगिनींनी ग्रेंजगॉर्मन येथील रुग्णालयात हेच काम पत्करले. ज्या रुग्णालयांच्या नावाने गोरगरीब थरथर कापत, तिथे या स्त्रिया दिवसभर रोग्यांजवळ असत. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, एकनहेड यांच्या संघाने डब्लिनमध्ये सेंट व्हिन्सेंट रुग्णालय उघडले.

या भगिनींपाशी ओशॉनेसीचे रसायनशास्त्र नव्हते, की लाट्टाची नळी नव्हती. स्वच्छता, ऊब, ओठ ओले करणे, धीर देणे, आणि मरणाऱ्याला एकटे न सोडणे, एवढेच त्यांच्या हाती होते. तेवढ्याने रोगी वाचत होते असा दावा कोणी करू नये. वाहून गेलेले पाणी प्रेमाने भरून येत नाही. परंतु एडिंबरोत जे होते ते डब्लिनमध्ये नव्हते, आणि डब्लिनमध्ये जे होते ते एडिंबरोत नव्हते. एकीकडे ज्ञान होते, सोबत नव्हती. दुसरीकडे सोबत होती, ज्ञान नव्हते. ही दोन्ही एका खाटेपाशी यावयास फार काळ जावा लागला.

या दोहोंना जवळ आणण्याचे काम शुश्रूषेच्या शास्त्राने केले. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ नंतर, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याबरोबर ज्या परिचारिका गेल्या त्यांत बर्मंडसीच्या मदर क्लेअर मूर आणि त्यांच्या मर्सी संघाच्या भगिनीही होत्या. सैनिक गोळीने कमी आणि पटकी, हगवण व तापाने अधिक मरत होते. युद्धानंतर नाइटिंगेल यांनी शुश्रूषेविषयी जे लिहिले, त्यात रोग्याचे निरीक्षण या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले. रोगी 'बरा आहे' किंवा 'तसाच आहे' असे सांगणे निरुपयोगी आहे; त्याने किती घेतले, केव्हा घेतले, किती वेळा शौचास झाले, झोप किती लागली, हे नेमके सांगता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. दया ही मोजता आली पाहिजे, असेच जणू त्यांना म्हणायचे होते.

कलकत्त्यातील मोजमाप

शिरेतून पाणी देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा वर आली ती आपल्याच देशात. कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्ये सर लिओनार्ड रॉजर्स यांनी पटकीच्या रोग्यांना नेहमीपेक्षा अधिक खारे पाणी शिरेतून देण्यास सुरुवात केली. किती द्यायचे हे ते अंदाजाने ठरवीत नसत. रोग्याच्या रक्ताचा थेंब वेगवेगळ्या घनतेच्या द्रवांत सोडून ते रक्ताचा दाटपणा पाहत, आणि त्यावरून गमावलेल्या पाण्याचा हिशेब करीत. शंभरात साठ रोगी मरत होते, तिथे हे प्रमाण सुमारे तिसावर आले. पुढे मिठाबरोबर सोड्यासारखा अल्कलीही द्यावा लागतो हे उमजल्यावर ते आणखी उतरले.

मधल्या काळात या पाण्यातच सुधारणा होत होती. लंडनच्या सिडनी रिंगर यांनी १८८० च्या दशकात बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले की, नुसते मीठ पुरत नाही. हृदय धडधडत राहण्यासाठी कॅल्शियम आणि पोटॅशियमही लागते. १९३२ च्या सुमारास अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेट मिसळले. आज इस्पितळात ज्याला 'आर. एल.' म्हणतात ते रिंगर लॅक्टेट या दोघांचे देणे आहे. शिरेतून पाणी दिल्यावर पुष्कळांना हुडहुडी भरून ताप येई. उकळून गाळलेल्या पाण्यातही जंतूंचे सूक्ष्म अवशेष राहतात आणि तेच ताप आणतात, हे १९२० च्या दशकात फ्लॉरेन्स सायबर्ट या संशोधिकेने सिद्ध केले. १९३१ पासून कारखान्यात तयार केलेल्या निर्जंतुक बाटल्या बाजारात आल्या. शंभर वर्षांपूर्वी लाट्टाला जे धोके पत्करावे लागले, ते आता पुष्कळसे दूर झाले.

याच सुमारास परिचारिकेच्या हाती नवी जबाबदारी आली. पूर्वी शिरेत सुई घालणे हे केवळ डॉक्टरचे काम समजले जाई. १९४० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने एडा प्लमर या परिचारिकेवर ते सोपवले. आज आपल्याकडच्या कोणत्याही इस्पितळात ही गोष्ट रोजची आहे. वसई-मुंबईच्या आणि गोव्याच्या आपल्या ख्रिस्ती घरांतून कितीतरी मुली परिचारिका झाल्या. त्यांच्या पांढऱ्या पोशाखावर उलटे टाचलेले घड्याळ वेळ पाहण्यापुरतेच नसे. त्याच्या काट्याकडे पाहत नाडी मोजायची असे आणि थेंब मोजायचे असत. एका मिलिलिटरचे वीस थेंब पाडणारी नळी असेल, आणि एक लिटर पाणी आठ तासांत द्यायचे असेल, तर मिनिटाला साधारण बेचाळीस थेंब पडले पाहिजेत. कमी पडले तर रोगी कोरडा पडतो. अधिक पडले तर पाणी फुप्फुसात भरते, पापण्या सुजतात, धाप लागते. बाटलीवरचे नाव व मुदत पाहणे, नळीतील हवा काढणे, सुईच्या जागी सूज आली का ते बघणे, लघवी झाली का विचारणे, कोरडे पडलेले तोंड ओल्या कापसाने पुसणे, भिजलेली चादर बदलणे, आणि हे सारे कागदावर उतरवणे, याला म्हणायचे सलाईन लावणे. आपल्याला दिसते ती फक्त बाटली.

पटकीच्या शुश्रूषेसाठी विसाव्या शतकाच्या मध्यास एक साधी खाटही तयार झाली. कॅनव्हासच्या खाटेला कमरेखाली भोक आणि त्याखाली खुणा केलेली बादली. रोग्याला उठवावे लागत नाही, आणि बादलीतील पातळी पाहून किती पाणी गेले हे परिचारिकेला कळते. जितके गेले तितके द्यायचे. पटकीच्या जोरात रोगी तासाला एक लिटरहूनही अधिक पाणी गमावू शकतो. हे ज्याने मोजले नाही त्याला ते पटत नाही. या बादलीकडे पाहून नाक मुरडणारा कोणीही हा रोग बरा करू शकला नसता.

बाटली संपल्यावर : बनगाव, १९७१

परंतु बाटल्या महाग होत्या, जड होत्या, आणि खेड्यात पोहोचत नव्हत्या. जिथे पटकी तिथे इस्पितळ नाही, अशीच बहुधा स्थिती असे. मग तोंडाने दिलेले मिठाचे पाणी का चालू नये? १९५३ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी सौम्य पटकीच्या १८६ रोग्यांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून बरे केल्याचे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९५९ मध्ये कलकत्त्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवले की, पटकीचा जंतू आतड्याची नासधूस करीत नाही, तर त्याच्या विषामुळे आतडे पाणी सोडू लागते. म्हणजे आतडे शाबूत असते. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने आतड्यातील एक मोठे गुपित उघड केले : ग्लुकोज आत शोषले जाताना मिठातील सोडियमला हाताशी धरून नेते, आणि त्यांच्यामागून पाणी जाते. पटकीतही हे दार उघडे राहते. नुसते मीठ दिले तर ते दाराबाहेर ताटकळते; साखरेच्या सोबतीने ते आत जाते. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन, रिचर्ड कॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटकीच्या रोग्यांवर हे सिद्ध केले. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या पाण्याची गरज त्यामुळे सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली.

तरीही जाणकारांना शंका होती. हे प्रयोग सुसज्ज वॉर्डात, तज्ज्ञांच्या नजरेखाली झाले होते. अडाणी माणसांच्या हाती हे काम कसे द्यायचे?

उत्तर मागायला कोणी थांबले नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगाव येथील छोट्या रुग्णालयात जूनच्या अखेरीस डॉ. दिलीप महालनबीस पोहोचले, तेव्हा दोन खोल्यांत फरशीवर पटकीचे रोगी दाटीवाटीने पडले होते. त्यांना सलाईन लावायचे तर मळ आणि वांतीतच गुडघे टेकावे लागत. बाटल्या संपत चालल्या होत्या, प्रशिक्षित माणसे बोटांवर मोजण्याइतकी. छावण्यांत शंभरातले वीस-तीस रोगी दगावत होते. महालनबीस यांनी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, अशा पुड्या कलकत्त्यात बांधून घेतल्या. लिटरमागे खर्च आला सुमारे ११ पैसे. बनगावात पाणी पिंपांत कालवले, पिंपांना तोट्या बसवल्या, आणि रोग्यांच्या आयांना, बहिणींना, नवऱ्यांना पेले देऊन सांगितले : पाजत राहा. अत्यवस्थ रोग्यांसाठी उरल्यासुरल्या बाटल्या राखून ठेवल्या.

दोन महिन्यांत सुमारे ३,७०० रोग्यांवर असे उपचार झाले. मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. अडाणी म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जात होते, त्यांनीच हे करून दाखवले. याचे कारण ग्लुकोजच्या पुडीइतकेच दुसरेही आहे. आई मुलाच्या उशापासून हलत नाही. ओकारी झाली तर ती थांबते, आणि थोड्या वेळाने पुन्हा पेला ओठांना लावते. एडिंबरोच्या त्या म्हातारीजवळ जो माणूस नव्हता, तो बनगावात प्रत्येक रोग्याजवळ होता.

१९७८ मध्ये 'लॅन्सेट'ने साखर आणि मीठ यांच्या या परस्परसंबंधाचा शोध शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरेल, असा अभिप्राय दिला. १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेच्या स्त्री कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या आणि तीन बोटांची चिमूट मीठ व मूठभर गूळ पाण्यात कसे कालवावे हे त्यांनी आयांना शिकवले. ढाक्यातच १९८० च्या दशकात तांदळाच्या पिठाचे मीठ घातलेले पाणीही पटकीत उत्तम काम करते हे सिद्ध झाले. ऑर्टाने गोव्यात पाहिलेल्या पेजेला असा चारशे वर्षांनी न्याय मिळाला. डॉ. महालनबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी निवर्तले. १९२३ ते २०२३ या शतकभरात आपल्या देशातील वैद्यकाने जगाला जे दिले त्यात त्यांच्या कामाचे स्थान वरचे आहे. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आपल्या घरातील हिशेब

एवढा इतिहास घडूनही जगात आजही पाच वर्षांखालची काही लाख मुले दरवर्षी जुलाबांनी मरतात. आणि आपल्याकडे एक उलटी सवय रुजली आहे. थोडा अशक्तपणा वाटला की 'एक सलाईन लावा, ताकद येईल' असा आग्रह डॉक्टरांकडे धरला जातो. साध्या सलाईनच्या एका लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. ग्लुकोजच्या बाटलीतही लिटरमागे पन्नास ग्रॅमच साखर; त्यातून दोनशेही उष्मांक मिळत नाहीत. ज्याला गिळता येते त्याला सुईची गरज क्वचितच असते. उलट, ज्या घरात मोठ्यांसाठी बाटलीचा हट्ट धरतात, त्याच घरात लहान मुलाला जुलाब लागले की 'पाणी दिले तर आणखी होतील' म्हणून पेला दूर ठेवला जातो. रक्त काढणाऱ्या जुन्या डॉक्टरांचा तो युक्तिवाद दोनशे वर्षांनीही आपल्या स्वयंपाकघरात जिवंत आहे.

शास्त्र काय सांगते ते थोडक्यात असे. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण कालवावी, आणि ते पाणी चोवीस तासांत संपवावे किंवा टाकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, मीठ जास्त नको. प्रत्येक जुलाबानंतर पाजावे, लहानग्याला चमच्याचमच्याने. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. अंगावरचे दूध आणि नेहमीचे अन्न थांबवू नये. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या द्याव्यात. मात्र मूल मलूल झाले, पाणी पिईना, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसू लागली, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी वेळ न दवडता इस्पितळ गाठावे. तेव्हा सुई हवीच. पन्नास किलोच्या अत्यवस्थ रोग्याला पहिल्या अर्ध्या तासातच दीड लिटर आणि पुढच्या अडीच तासांत साडेतीन लिटर द्यावे लागते. तिथे पेला पुरा पडत नाही.

पण सुई असो वा पेला, दोहोंच्या मागे तेच एक काम आहे : किती गेले, किती दिले, याचा हिशेब ठेवणारे कोणीतरी जवळ असणे. इस्पितळात ते काम परिचारिका करते, आणि पुष्कळदा एकाच वेळी वीस-पंचवीस खाटांचे करते. भेटीच्या वेळी आपण द्राक्षे आणि शहाळी घेऊन जातो. त्यापेक्षा आपल्या माणसाने दिवसभरात किती पेले घेतले, किती वेळा लघवीला झाले, हे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून तिच्या हाती दिले, तर तिचे काम हलके होईल आणि रोग्याचेही भले होईल. घरी आजारी पडलेल्या म्हाताऱ्या आई-वडिलांच्या उशाशी असा एक कागद आणि एक पेन्सील ठेवायला तर काहीच खर्च नाही. तांब्या भरून ठेवला म्हणजे पाणी दिले असे होत नाही. ते पोटात गेले का, हे पाहायला बसावे लागते.